ढोलीचा ताबा

दिल्ली वृक्ष संरक्षण अधिनियम, १९९४ या कायद्याच्या दृष्टीने झाड म्हणजे जमिनीपासून तीस सेंटीमीटर उंचीवर ज्याच्या बुंध्याचा व्यास किमान पाच सेंटीमीटर भरतो आणि ज्याची उंची एक मीटरपेक्षा कमी नाही, अशी फांद्या असलेली काष्ठमय वनस्पती होय. ही व्याख्या ठरवताना पक्ष्यांचे मत मागवले गेले नसावे, असे मानण्यास जागा आहे. कारण ते मागवले असते तर त्यांनी व्यासापेक्षा निराळ्याच बाबींचा आग्रह धरला असता, म्हणजे एखादी फांदी पुरेशी वाळली आहे काय, खोडाला कोठे भगदाड पडले आहे काय आणि पडले असल्यास त्यात सध्या कोण राहते. सरळ बुंधा, डेरेदार आकार, निरोगी पालवी या ज्या गुणांवरून माणूस झाडाची पारख करतो, त्यांची पक्ष्यांच्या लेखी फारशी मातब्बरी नाही. उलट कुजलेला गाभा, मोडलेल्या फांदीची खुंटी आणि पावसाचे पाणी मुरून पडलेली पोकळी, ज्यांच्यापुढे उद्यान विभागाचा निरीक्षक ‘धोकादायक’ असा शेरा मारतो, त्याच गोष्टी पक्ष्यांच्या जगात मोक्याच्या जागा म्हणून गणल्या जातात. राजधानीत एखादे जुने झाड गेल्यानंतर त्याच्या आश्रितांमध्ये जी धावपळ, बाचाबाची आणि बळजबरी सुरू होते, तिचे मूळ या मतभेदात आहे.

दिल्लीत झाड जाण्याच्या रीती पुष्कळ आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नवी दिल्ली वसवताना रस्त्यांच्या कडेने कडुनिंब, जांभूळ, अर्जुन, चिंच, पिंपळ आणि पिलखन (वडा-उंबराच्या गोतातला, वसंतात तांबूस पालवीने अंगभर नटणारा वृक्ष) यांच्या रांगा लावण्यात आल्या. ती झाडे आता शंभरीला टेकली असून उन्हाळी वादळात त्यांतली काही दरवर्षी आडवी होतात. ३० मे २०२२ रोजी झालेल्या ज्या वादळात जामा मशिदीच्या घुमटावरचा कळस निखळला, त्याच वादळात शहरभर शेकडो झाडे उन्मळून पडली. बुंध्याच्या सालीला भिडेपर्यंत फरशी आणि सिमेंट बसवण्याच्या नागरी हौसेचा यात वाटा नसेल असे म्हणवत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला तो या हौसेला आवर घालण्यासाठीच. उरलेल्या झाडांना रहिवासी कल्याण संघाच्या, म्हणजे दिल्लीकर ज्याला ‘आरडब्ल्यूए’ म्हणतात त्या संस्थेच्या, बैठकांना तोंड द्यावे लागते. तेथे झाडावरचे आरोप ठरलेले असतात: हिवाळ्यात ते ऊन अडवते, वसंतात पाने गाळते आणि बाराही महिने मोटारींच्या टपांवर पक्ष्यांकरवी शिंतोडे उडवते; आणि हे आरोप तावातावाने मांडणारे गृहस्थच मे महिन्यात गाडी सावलीत लावायला जागा उरली नाही म्हणून त्याच संघाकडे लेखी तक्रार नोंदवतात.

झाड तोडायचे नसेल तर छाटायचे, हा मधला मार्ग. घेर १५.७ सेंटीमीटरपर्यंत असलेल्या फांद्या परवानगीवाचून छाटण्याची मुभा देणारी मार्गदर्शक तत्त्वे दिल्लीत काही काळ लागू होती आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. हा चमत्कारिक आकडा पाच सेंटीमीटर व्यासाला पायने गुणल्यावर मिळतो, यावरून शासनाचे भूमितीवरचे प्रभुत्व सिद्ध होते. पाच सेंटीमीटर जाडीच्या फांदीत कोणत्याही पक्ष्याला घर कोरता येत नसल्यामुळे कागदावर कोणाचेच नुकसान होत नव्हते; परंतु झाडावर चढून करवत चालवणारा माणूस मोजफीत कमरेला लावून चढत नाही, आणि खालून ‘अजून थोडी, अजून थोडी’ असे हातवारे करणाऱ्या पदाधिकाऱ्यांना तर मोजमापाशी काहीच कर्तव्य नसते.

या सर्वांहून मोठी रीत म्हणजे पुनर्विकास. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर, कस्तुरबा नगर, त्यागराज नगर, श्रीनिवासपुरी आणि मोहम्मदपूर या दक्षिण दिल्लीतल्या सात सरकारी वसाहती पाडून तेथे उंच इमारती बांधण्याची योजना मंजूर केली. या बैठ्या आणि दुमजली क्वार्टरांमध्ये मंत्रालयांतल्या बाबू लोकांच्या पिढ्या नांदल्या, त्यात बदलीवर आलेली आणि पुढे दिल्लीकर झालेली मराठी कुटुंबेही होती. आणि प्रत्येक क्वार्टरमागे कोणी ना कोणी लावलेले जांभूळ, कडुनिंब किंवा तुतीचे झाड होते. योजनेसाठी चौदा हजारांहून अधिक झाडे तोडावी लागणार असल्याचे कळताच जून २०१८ मध्ये नागरिक झाडांना मिठ्या मारायला रस्त्यावर उतरले आणि उच्च न्यायालयाने तोड थांबवली; नौरोजी नगरात मात्र तोपर्यंत बरीच झाडे गेलेली होती. क्वार्टर रिकामे करणाऱ्या कर्मचाऱ्यांना नोटीस, मुदत आणि पर्यायी निवासस्थान मिळाले. फांदीवरच्या रहिवाशांना यांपैकी काहीच मिळाले नाही, आणि त्यांची सेवाज्येष्ठता कर्मचाऱ्यांपेक्षा निश्चितच अधिक होती.

सरकारी वसाहतीचा हा दाखला येथे केवळ स्थळ म्हणून आलेला नाही. दिल्लीत माणसाची ओळख त्याच्या पदापेक्षा त्याला मिळालेल्या क्वार्टरवरून होते, आणि क्वार्टरचे टाइप एकपासून टाइप आठपर्यंत दर्जे असतात. झाडावरची वस्तीही अशीच दर्जावार असते. काही पक्षी झाडावर फक्त जेवायला येतात. काही फांद्यांच्या बेचक्यात किंवा पानांच्या आडोशाला उघडे घरटे बांधतात. आणि काहींना ढोलीच लागते. यांतही पुन्हा दोन जाती आहेत, स्वतःच्या चोचीने लाकूड कोरून ढोली करणारे आणि दुसऱ्याने कोरलेल्या किंवा आपोआप झालेल्या ढोलीत घुसणारे. झाड गेल्यावर कोणाची सोय लागते आणि कोणाची लागत नाही, हे जवळजवळ पूर्णपणे या वर्गवारीवर ठरते. पक्षी फार हुशार असतात, ते जुळवून घेतात, असे जे सरसकट विधान झाड तोडणाऱ्यांकडून दिलासा म्हणून केले जाते, ते पहिल्या दोन वर्गांकडे बघून केलेले असते.

जेवायला येणाऱ्यांचा प्रश्न साधा आहे. काटेसावर, जिला दिल्लीत सेमल म्हणतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण होऊन लालभडक फुलांनी लगडते तेव्हा तिच्यावर कावळे, साळुंक्या, पोपट, बुलबुल आणि सूर्यपक्षी एकाच वेळी तुटून पडतात. ती गेली की हीच मंडळी पुढच्या चौकातल्या सेमलवर जातात आणि तेथल्या जुन्या ग्राहकांशी भांडतात. पिंपळ-पिलखनाच्या फळांवर जगणारा हरियाल, म्हणजे पिवळ्या पायांचे हिरवे कबुतर, हा तर महाराष्ट्राचा राज्यपक्षी असून दिल्लीत कायम वास्तव्यास आहे. महाराष्ट्र सदनात खोली मिळण्यासाठी लागणारी शिफारस त्याच्याकडे नसल्याने तो जेथे फळ पिकले असेल तेथे थव्याने उतरतो आणि पानांत इतका बेमालूम मिसळतो की झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या येण्याजाण्याचा पत्ता लागत नाही.

दुसऱ्या वर्गाने मात्र माणसाच्या घरात पाय ठेवला आहे, आणि हे प्रकरण सविस्तर पाहण्याजोगे आहे. द्वारका, नोएडा किंवा गुरुग्राममधल्या बाल्कनीत एक कुंडी, तिच्यातून वर चढवलेला मनी प्लांट आणि भिंतीवरचा दिवा एवढी सामग्री असली की लालबुड्या बुलबुलाच्या दृष्टीने ते झाडच असते. चैत्राच्या सुमारास जोडपे जागा पाहायला येते. मादी वेलीच्या बेचक्यात बसून अंग गोल फिरवून माप घेते, आणि त्यानंतर काटक्या, मुळ्या, प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या आणि कोळ्याची जाळी यांची वाटी तयार होऊ लागते. अंडी घातल्यापासून पिल्ले उडून जाईपर्यंत साधारण चार आठवडे लागतात, आणि या चार आठवड्यांत घराचा ताबा प्रत्यक्षात बुलबुलांकडे असतो. कपडे दुसऱ्या बाल्कनीत वाळतात. कुंडीला पाणी घालायचे तर काठीला टांगलेल्या मगाने. एसीचे बाहेरचे यंत्र घरट्यावर गरम हवा फेकते म्हणून दिल्लीच्या मे महिन्यात घरातली माणसे पंख्याखाली घाम पुसत बसतात. आणि घरकाम करणाऱ्या बाईंना ‘तिकडे झाडू नका’ ही सूचना रोज नव्याने द्यावी लागते. बुलबुल याबद्दल कृतज्ञता दाखवत नाही. दार उघडणाऱ्या घरमालकावर तो धावून जातो, आणि त्याची ही अरेरावी कुटुंबात कौतुकाने सांगितली जाते. माणसाच्या इतक्या जवळ घर थाटण्यात हिशेब आहे: कावळा, टकाचोर आणि मांजर हे अंड्यांचे तीन मुख्य शत्रू माणसाला बिचकून असतात, त्यामुळे घरमालक हा विनावेतन चौकीदार ठरतो.

शिंपी पक्ष्याला तर झाडाचीही गरज नाही. दोन मोठी पाने आणि ती शिवायला कापसाचा किंवा जाळ्याचा धागा मिळाला की कुंडीतल्या लिंबावरही त्याचे भागते. जांभळ्या सूर्यपक्ष्याची मादी एखाद्या लोंबत्या वायरीला जाळी, सालीचे तुकडे आणि सुरवंटाची विष्ठा चिकटवून लांबट पिशवी विणते आणि प्रवेशद्वारावर छोटा छज्जाही काढते, त्याबाबत महापालिकेची बांधकाम परवानगी ती घेत नाही. झाड गेल्यावर दुःखी झालेले रहिवासी या तिघांना बघून सुखावतात आणि ‘पक्षी परत आले’ असा निर्वाळा देतात. खरे पाहता हे तिघे गेलेच नव्हते. वसाहतीच्या मेंदीच्या कुंपणात आणि कुंड्यांत ते आधीपासून होते, झाड असताना त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नव्हते इतकेच.

कावळा बेचक्याचा गरजू. तो झाडाऐवजी विजेच्या खांबावर, तारांचे तुकडे गोळा करून, काम भागवतो. कोकिळा त्याच्या घरट्यात अंडी घालत असल्यामुळे कावळ्याच्या पत्त्यात बदल झाला की तिच्याही पत्त्यात आपोआप बदल होतो, आणि पोटभाडेकरूच्या नशिबी येणारी ही धावपळ नर कोकिळाच्या पहाटेच्या आरडाओरड्यावरून सर्व सेक्टरला कळते.

आता ढोलीवाले. येथे नाटकाचा खरा अंक आहे, आणि त्याचा नायक आहे तांबट. चिमणीहून किंचित मोठा, हिरव्या अंगाचा, कपाळावर व छातीवर लाल टिळा असलेला हा पक्षी ‘टुक-टुक-टुक’ असा तांब्याच्या भांड्यावर ठोके पडल्यासारखा आवाज तासन्‌तास काढतो, आणि तो ऐकून कुठेतरी नळदुरुस्ती चालू आहे असा समज नव्या रहिवाशांचा होतो. वसंतात जोडपे वाळलेल्या, पण पुरत्या न कुजलेल्या फांदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाऊस आत येणार नाही अशा बाजूला, चोचीने ठोके मारत भोक पाडू लागते. आधी फक्त चोच आत जाते, मग डोके, मग खांदे; पुढे नुसती शेपटी बाहेर दिसते आणि अधूनमधून उलटे सरकत बाहेर येऊन तांबट चोचीतला भुसा वाऱ्यावर सोडून देतो. नर आणि मादी पाळीपाळीने खपतात. शेवटी जेमतेम चार-पाच सेंटीमीटर रुंदीचे रेखीव गोल दार तयार होते, आणि कायद्यातल्या पाच सेंटीमीटरशी पक्षिसृष्टीचा एवढाच काय तो मेळ बसतो.

तांबट, त्याचा थोराड भाऊबंद तपकिरी डोक्याचा तांबट आणि सोनपाठी सुतार हे शहरातले ढोली कोरणारे कारागीर; बाकीचे सगळे ताबेदार. कारागिरांनी सोडलेली, आणि पुष्कळदा न सोडलेलीही, घरे पोपट चोचीने दार रुंद करून बळकावतो, आणि हिवाळा सरण्याआधीच जागा अडवून बसत असल्यामुळे नंतर येणाऱ्या साळुंकीला तो दाराशीच शिव्या घालतो. साळुंकी पोपट उठेपर्यंत थांबते किंवा त्याला उठवते. पिंगळा, म्हणजे ठिपकेदार अंगाचे, दिवसा दारात पेंगत बसणारे छोटे घुबड, मोठी पोकळी असलेल्या जुन्या खोडात कुटुंबासह पिढीजात राहतो. एका जुन्या कडुनिंबावर अशी चार-पाच बिऱ्हाडे वेगवेगळ्या मजल्यांवर वर्षानुवर्षे चाललेली असतात, आणि ती एकाच दिवशी रस्त्यावर येतात. त्या संध्याकाळी मुक्कामाला परतलेले पोपट झाडाच्या जागी उरलेल्या हवेभोवती दोन-तीन घिरट्या घालतात, मग जवळच्या तारांवर ओळीने बसून इतका कलकलाट करतात की ज्यांनी झाडाविरुद्ध अर्ज केला त्यांनाही खिडक्या लावून घ्याव्या लागतात.

यांतले जे निर्ढावलेले, ते निभावतात. पोपटाला दिल्लीत माणसाने बांधलेल्या ढोल्यांचा सात-आठ शतकांचा साठा हाताशी आहे: लोदी बागेतले घुमट, हुमायूनच्या कबरीचा परिसर, तुघलकी तटबंद्यांमधली भोके. पुरातत्त्व खाते संवर्धन म्हणून भेगा बुजवते आणि पोपट संसार म्हणून त्या पुन्हा शोधतो, असा हा दोन संस्थांमधला जुना वाद आहे. याच पोपटाच्या पिंजऱ्यातून सुटलेल्या वंशजांनी लंडनच्या उद्यानांतल्या झाडांच्या ढोल्याही बळकावल्या आहेत, त्यामुळे त्याच्या निवाऱ्याची चिंता कोणी करू नये. साळुंकीने वाहतुकीच्या सिग्नलच्या पेट्या आणि एसीच्या मागची फट पसंत केली आहे. लाल दिव्यापाठी बसून अंडी उबवताना खालच्या हॉर्नच्या गदारोळाचा तिच्यावर परिणाम होत नाही, कारण आवाजाच्या बाबतीत ती स्वतः कमी नाही. पिंगळा काही ठिकाणी जुन्या भिंतीतल्या भगदाडावर भागवतो.

ज्याचे भागत नाही तो राखी धनेश. पायरीसारखे शिंग असलेली मोठी वाकडी चोच, लांब शेपूट, किंचाळणारा आवाज. ल्युटेन्स दिल्लीच्या जुन्या बंगल्यांभोवती तो अजून दिसतो. याच बंगल्यांपैकी एकात १९५५ ते १९६० या काळात राहिलेले ब्रिटिश उच्चायुक्त माल्कम मॅकडॉनल्ड यांना आपल्या बागेतल्या पक्ष्यांवर ‘बर्ड्स इन माय इंडियन गार्डन’ हे आख्खे पुस्तक लिहिता आले, यावरून जुन्या झाडांच्या बागेत किती मजकूर असतो हे कळते (आणि उच्चायुक्तांना फावला वेळ किती असतो हेही). धनेशाच्या मादीला मोठ्या खोडातली प्रशस्त पोकळी लागते. ती आत शिरते, मुख्यतः स्वतःच्या विष्ठेने दार लिंपून घेते, एक फट ठेवते आणि कित्येक आठवडे तीमधून नराने आणलेली पिंपळाची, पिलखनाची फळे खाते. ही व्यवस्था सिग्नलच्या पेटीत होत नाही, कुंडीत होत नाही, आणि लोदींच्या घुमटात पोपट आधीच येऊन बसलेले असतात. त्यामुळे झाड गेल्यावर धनेश भांडत नाही, तारेवर बसून कलकलाट करत नाही, बाल्कनीत येत नाही. तो त्या वसाहतीतून वजा होतो, आणि संघाच्या बैठकीत त्याचा विषय निघत नाही.

त्याची जागा पारवा घेतो. पारव्याचे पूर्वज कड्याकपारींत राहत, त्यांनी झाड कधी मागितलेच नव्हते. वीस मजली इमारत हा त्याच्या दृष्टीने उत्तम कडा आहे आणि प्रत्येक एसीखालची फळी ही तयार कपार. ज्या शहरात झाडे पाडून कडे उभारले जातात तेथे पारवे वाढले तर त्यात पारव्यांचा दोष काढता येत नाही, तरीही नोएडा-गुरुग्रामात बाल्कन्यांना जाळ्या बसवून देण्याचा मोठा धंदा उभा राहिला आहे. आणि ज्या चौकालगतच्या फ्लॅटांना या जाळ्या बसतात, त्याच चौकात सकाळी पुण्य म्हणून पारव्यांना पोत्याने दाणे टाकले जातात. जाळी लागली की बुलबुलाचाही प्रवेश बंद होतो.

भरपाईचे नियम मात्र उदार आहेत. दिल्लीत तोडलेल्या एका झाडामागे दहा रोपे लावावी लागतात, आणि ही रोपे बहुधा शहराच्या कडेला, जेथे धनेशाने कधी पाऊल ठेवलेले नाही अशा मोकळ्या जमिनीवर, लोखंडी पिंजऱ्यात उभी केली जातात. दहा रोपांची मिळून एक ढोली होत नाही. त्यातल्या एखाद्या कडुनिंबाने जगून, वाढून, वादळात फांदी गमावून आणि त्या जखमेत पाणी मुरवून पोकळी तयार करायची तर कित्येक दशके लागतात, आणि तोवर तो निरीक्षकाच्या यादीत ‘धोकादायक’ म्हणून चढलेला असतो. काही हौशी संघ लाकडी घरटी टांगतात. चिमणी दिल्लीचा राज्यपक्षी २०१२ पासून असल्यामुळे ती चिमणीसाठी टांगली जातात, आणि दार जरा मोठे ठेवले की साळुंकी त्यांचा ताबा घेते.

२०२० च्या वृक्ष पुनर्रोपण धोरणाने आणखी पुढचे पाऊल टाकले. प्रकल्पात येणाऱ्या झाडांपैकी किमान ऐंशी टक्के झाडे मुळासकट उपटून दुसरीकडे लावायची आणि त्यांपैकी ऐंशी टक्के वर्षभरानंतर जिवंत असली पाहिजेत, अशी अट त्यात आहे. उपटण्यापूर्वी फांद्या छाटून झाडाचे खांबात रूपांतर केले जाते, मुळांचा गोळा तरटात बांधला जातो, आणि क्रेनच्या साहाय्याने ट्रेलरवर आडवे ठेवून त्याची रवानगी होते. घरट्यांपैकी काही उरले तर ते फक्त खोडातल्या ढोलीत, आणि तिच्यातल्या रहिवाशाने ट्रेलरबरोबर प्रवास करावा अशी अपेक्षा नसते. दिल्ली सरकारने २०२२ मध्ये उच्च न्यायालयाला दिलेल्या माहितीनुसार आधीच्या तीन वर्षांत अशा रीतीने हलवलेल्या सोळा हजारांहून अधिक झाडांपैकी सुमारे एक तृतीयांशच जगली होती. धोरणाच्या कसोटीवर हे अपयश आहे. परंतु उरलेले दोन तृतीयांश म्हणजे ओळीने उभे असलेले, वाळलेले, पण अजून पुरते न कुजलेले लाकूड, आणि अशा लाकडाच्या शोधात असणारा पक्षी वर सांगितलाच आहे. तांबटाचा अभिप्राय घेतला गेला तर हे धोरण शासनाच्या यशस्वी गृहनिर्माण योजनांत गणले जाण्याची शक्यता आहे. अडचण एवढीच की मेलेले खोड उभे ठेवण्याची उद्यान विभागाला परंपरा नाही, आणि पुढच्या पाहणीनंतर त्याच्या लिलावाची नोटीस निघते.